साठ आणि ऐंशी मिळून शंभर

दिगू,

तुला जाऊन दोन महिने होत आले आणि मी अजून तुझ्याशी वाद घालतोच आहे. सकाळी विहिरीवर घालतो, शाळेच्या वाटेवर घालतो. मागच्या आठवड्यात धान्याच्या मोंढ्यापाशी एका ओळखीच्या अडत्यानं मला हटकलं. "मास्तर, कोणाशी बोलून राह्यले?" मी म्हणालो, पाढे म्हणतोय. त्याला ते पटलं. गणिताच्या मास्तराबद्दल लोकांना असलं काहीही पटतं.

भेटायला येणारे सगळे तुझ्या हुशारीचं बोलतात. आष्टीहून तुझे काका आले, ओट्यावर बसले आणि उठताना म्हणाले, "आमच्या गावात वीज आणणारा गेला." महायुद्धापायी आष्टीत सध्या रॉकेलसुद्धा धड मिळत नाही, आणि हा माणूस तू कॉलेजात गेल्यापासून विजेचे खांब कुठून कुठं जाणार ते गावाला दाखवत होता. इंजिनिअर होता होता गेला, असं सगळे म्हणतात. कोणी म्हणत नाही की हा पोरगा एका दिवाळीला सगळं सोडून घरी आला होता. इथं कोणाला माहीतच नाही. तुला, मला आणि तुझ्या मायला, एवढंच.

सुट्टीला येणारा मुलगा एक पिशवी घेऊन येतो. तू त्या दिवाळीला वळकटी, पुस्तकं आणि बादलीसुद्धा घेऊन आलास. मायनं बादलीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तिला तेव्हाच कळलं. मला तू बोललास तेव्हा कळलं. तू म्हणालास, आता हैदराबादला परत जायचं नाही, आष्टीला काकांबरोबर शेती करीन. मी काही बोलायच्या आत तिनं तुला हातपाय धुवायला पाठवलं आणि मला म्हणाली, "जेवून होऊ द्या त्याचं. मंग विचारा."

मी दोन दिवस विचारलंच नाही. तूच सांगितलंस.

हैदराबादचं तुझं शिक्षण उर्दूतून, पण भाषेची तुला अडचण नव्हती. इथल्या शाळेत मीच तुला भूमिती उर्दूतून शिकवली होती, आणि घरी येऊन त्याच भूमितीवर आपण मराठीत भांडत होतो. पहिली दोन वर्षं तू वरच्या मुलांत होतास. तिसऱ्या वर्षी तो विषय आला. उर्दूत मुतबादिल रौ, इंग्रजी पुस्तकांत ए.सी. एका दिशेनं वाहणारी वीज तुला कळत होती. ही वीज पुढं जाते, थांबते, मागं येते, पुन्हा पुढं जाते, एका सेकंदात पन्नास वेळा. हिचा हिशेब काही केल्या तुला बसेना. सहामाहीच्या पर्च्यात तू नापास झालास.

पण तू खचलास तो नापास झाल्यामुळं नव्हे. प्रयोगशाळेत एक गोष्ट घडली होती. तुम्हाला एक साधी जोडणी करायला दिली होती. विजेला अडवणारी एक तार, आणि तिच्यापुढं एक कॉईल, म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारेवरचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, मोजला, तो साठ आला. कॉईलवरचा मोजला, तो ऐंशी आला. मग दोन्ही मिळून मोजला, तर एकशे चाळीस यायला हवा होता. तो आला शंभर. तू तारा सोडवून पुन्हा जोडल्यास. पुन्हा शंभर. तू हात वर करून सांगितलंस की मीटर बिघडलंय. तुमच्या त्या शिक्षकांनी मीटर बघितलं आणि म्हणाले, मीटर ठीक आहे, तुम्ही आपलं डोकं कोणाला तरी दाखवून घ्या. वर्ग हसला. शेजारी मंठ्याचा हबीब होता, तुझ्याच खोलीतला. तेवढा एक तो हसला नाही. त्या दिवसानंतर तू वर्गात एकही प्रश्न विचारला नाहीस. महिनाभरात तुला काही म्हणजे काहीच कळेनासं झालं.

हे सांगताना तू माझ्याकडं बघत नव्हतास. मी रागावेन असं तुला वाटत असणार. मी पाटीवर साठ लिहिले, ऐंशी लिहिले, बेरीज करून बघितली आणि म्हणालो, "मला विचारशील तर मीटरच बिघडलेलं असणार."

तू मान वर केलीस. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसलास.

दिगू, मला खरंच तसं वाटलं होतं. तुला बरं वाटावं म्हणून मी बोललो नव्हतो. मुलांना बेरीज शिकवत आयुष्य गेलेला माणूस मी, मला त्या मीटरचा रागच आला. मग दिवसभर मी त्या तीन आकड्यांकडं बघत बसलो. सवयीनं शून्यं पुसली. सहा, आठ, दहा. निम्मे केले. तीन, चार, पाच. आणि मी तुला हाक मारली. तू परसात मायला लाकडं फोडून देत होतास. मी म्हणालो, "अरे, हा काटकोन त्रिकोण आहे. तिनाचा वर्ग, चाराचा वर्ग, मिळून पाचाचा वर्ग. तुझं मीटर बेरीज करत नाही, तिरकी बाजू मोजतंय."

तू कुऱ्हाड हातात घेऊनच पाटीकडं बघत उभा राहिलास. मग विचारलंस, "पण आबा, तारेत काटकोन कुठून येणार?"

इथपर्यंत मी आणलं, पुढं तू नेलंस. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. तू कधी मान्य केलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय भाजणी दळत होती. तू तिच्यासमोर चक्क जमिनीवर आडवा झालास, गाल भुईला टेकवून. मी म्हणालो, "काय करून राह्यलास?" तू म्हणालास, "आबा, इथं या. असेच आडवे व्हा." माझ्या शाळेतल्या पोरांनी बघितलं असतं तर मला दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहता आलं नसतं. धोतर सावरून मी तुझ्या शेजारी आडवा झालो.

"आता खुंट्याकडं बघा. फिरून राह्यलाय असं दिसतं का?"

दिसत नव्हतं. जात्याच्या कडेशी डोळा आणला की गोल फिरणारा खुंटा नुसता इकडून तिकडं आणि तिकडून इकडं जाताना दिसतो. टोकाला गेला की क्षणभर थांबतो, मधून जाताना सगळ्यात जोरात जातो. तू म्हणालास, हीच ती जाणारी-येणारी वीज. बाहेरून बघणाऱ्याला ती पुढं-मागं होताना दिसते, पण हिशेब करणाऱ्यानं तिला गोल फिरताना बघायचं. मग तू ओल्या पिठाचा एक गोळा घेऊन वरच्या दगडावर चिकटवलास, खुंट्यापासून पाव फेऱ्यावर. माय म्हणाली, "दळण होऊ दे की रे. भरडं निघून राह्यलं." पण तिनं जातं थांबवलं नाही. आपल्याला दिसावं म्हणून उलट हळू केलं.

खुंटा टोकाला असायचा तेव्हा गोळा बरोबर मधे असायचा. गोळा टोकाला गेला की खुंटा मधे. दोघांचा वेग एकच, फिरणं एकत्र, पण दोघं एका वेळी टोकाला कधीच नव्हते. "खुंटा म्हणजे तारेवरचा दाब," तू म्हणालास. "गोळा म्हणजे कॉईलवरचा. एक साठपर्यंत चढतो, एक ऐंशीपर्यंत, पण दोघं एका टायमाला भरात येत न्हाईत. मंग एकशे चाळीस कुठून होतील?"

मी तसाच आडवा पडून होतो. काटकोन तारेत नव्हता, वेळेत होता. एक जण दुसऱ्याच्या पाव फेरा पुढं चालत होता, तोच काटकोन.

त्या सुट्टीत दिवाळी कधी आली नि गेली आपल्याला कळलं नाही. तू इंग्रजी पुस्तकातली उदाहरणं वाचायचास, मी बीजगणित सोडवायचो. त्यात उणे एकाच्या वर्गमुळाचं चिन्ह सारखं यायचं. मी इंटरला ते शिकलो होतो. उर्दूत त्याला खयाली अदद म्हणतात, मनातली संख्या, आणि मला शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं की हा निव्वळ बुद्धीचा खेळ आहे, परीक्षेपुरता शिकावा. तू मला विचारलंस, या संख्येनं गुणलं की होतं काय? मी म्हणालो, दोनदा गुणलं की उणे एक होतं, म्हणजे दिशा उलट होते. तू म्हणालास, दिशा उलट म्हणजे अर्धा फेरा. मग एकदा गुणलं की...

पुढचं वाक्य कोण बोललं? पाव फेरा. मला वाटतं तू बोललास. तू म्हणायचास, न्हाई आबा, तुम्ही बोललात. या एका वाक्यावरून आपण शेवटपर्यंत भांडलो. कोणाला ऐकून नवल वाटेल की बाप आणि लेक एखाद्या गोष्टीचं श्रेय एकमेकांच्या गळ्यात मारायला भांडत होते. पण मला आठवतंय ते एवढंच की त्या वेळी मी पाटी खाली ठेवली. आयुष्यभर ज्या संख्येला मी खोटी समजत आलो, ती माझ्या घरच्या जात्यावर फिरत होती.

दुसरंही एक भांडण होतं. मी म्हणायचो, एकदा समीकरण मांडलं की उत्तर आपोआप पडतं, आकृतीची गरज काय? तू आधी बाण काढल्याशिवाय एक ओळ लिहायचा नाहीस. म्हणायचास, आकृती न्हाई काढली तर उत्तर येतं, पण काय आलं ते कळत न्हाई. ते भांडणही मिटलं नाही. आता मिटणार नाही.

सुट्टी संपली तेव्हा बादली कोणी बांधली ते मी बघितलं नाही, पण ती तुझ्याबरोबर परत गेली.

सालाखेर त्या पर्च्यात तुला वर्गात दुसऱ्या क्रमांकाचे गुण मिळाले. तू गाडीतून उतरून थेट माझ्या शाळेत आलास, मधल्या सुट्टीत, आणि सांगितलंस. मी म्हणालो, बरं झालं, आता पुढच्या वर्षाची पुस्तकं मिळतात का बघ. आमच्या पिढीला पोराच्या तोंडावर कौतुक करता येत नाही. माझ्या बापानंही माझं केलं नव्हतं. तू मात्र असा उभा होतास की जणू मी खूप काही बोललो. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा मी वर्गावर गेलो आणि पहिली काही मिनिटं फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो. हे तुला कोणी सांगितलं नसेल.

मग आणखी एक साल गेलं आणि तो उन्हाळा आला. तुझा शेवटचा, पण तसं कोणाला माहीत होतं?

मी तुझ्या नोकरीची आखणी करत होतो. वीजखात्यात जागा निघणार असं ऐकलं होतं. हैदराबादला बंगला नाही तरी क्वार्टर मिळालं असतं. ओट्यावर दुपारी तू आंबा चोखत बसला होतास, आणि सहज बोलल्यासारखं बोललास, "आबा, मी खात्यात जायचं म्हणत न्हाई. मला शिकवायचंय."

मला आधी वाटलं थट्टा करतोयस. मग मी चिडलो. मी म्हणालो, मास्तरकी म्हणजे काय ते तू घरात बघितलं नाहीस का? इन्स्पेक्टर येणार म्हणून कोट इस्त्री करणारा बाप बघितला नाहीस? "मी मास्तर झालो कारण दुसरं काही मिळालं न्हाई," मी म्हणालो. "तुला मिळून राह्यलंय."

तू शांतपणे म्हणालास की तुला जे आवडतं ते तुला कळलंय. समोरच्याला एखादी गोष्ट कळते त्या वेळचा त्याचा चेहरा बघायला तुला आवडतं. मी म्हणालो, ते आवडणं चार वर्षांत मरतं. तेव्हा तू आंबा खाली ठेवलास आणि माझ्याकडं बघून विचारलंस, "तुमचं मेलं का?"

मी उठून आत गेलो.

त्यानंतर तू जाईपर्यंत आपण त्या विषयावर बोललो नाही. दुसरं सगळं बोललो. स्टेशनावर तू माझ्या पायांना हात लावलास, मी खिडकीशी उभा राहिलो, पाण्याची सुरई नीट ठेव म्हणालो. गाडी हलली तेव्हा तू काहीतरी म्हणालास. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी ऐकू आल्यासारखा हात हलवला. काय म्हणाला होतास, दिगू?

पावसाळ्यात होस्टेलच्या वॉर्डनची तार आली. मुदतीचा ताप, लगेच निघा. माय आणि मी निघालो. गाडीभर ती तुझ्यासाठी घेतलेल्या मेतकुटाची पुरचुंडी मांडीवर धरून बसली होती. दवाखान्यात हबीब दारातच भेटला. त्याचे डोळे बघून मला कळायला हवं होतं. तू जागा होतास. मायनं तुझं डोकं मांडीवर घेतलं. तुझा हात इतका हलका झाला होता की तो हातात आहे की नाही ते मला बघावं लागलं. मी वाकलो तेव्हा तू मला नीट न्याहाळलंस आणि म्हणालास, "आबा, चष्मा पुसा तुमचा. धूळ बसलीय."

मी चष्मा काढून पुसायला लागलो. पुसत राहिलो. घालायला हिंमत झाली नाही, कारण घातला की मला तुझा चेहरा स्पष्ट दिसला असता. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास. शेवटचं तू माझ्याशी बोललास ते एवढंच. कधी कधी मला त्याचं वाईट वाटतं. कधी वाटतं, शेवटपर्यंत माझी काळजी करत होतास, आणखी काय बोलायला हवं होतं?

हैदराबादलाच मुशी नदीच्या काठी सगळं आटोपून आम्ही दोघं जालन्याला परत आलो. मायनं मेतकुटाची पुरचुंडी उघडली नव्हती. ती तिनं फडताळात ठेवली. अजून तिथंच आहे.

महिनाभरानं हबीब आला. मंठ्याला घरी निघाला होता, वाटेत तुझी ट्रंक पोचवायला उतरला. आत तुझे कपडे, कंपास, आणि तुझी ती कंगवा अडकवलेली टोपी. मायनं एकेक कपडा बाहेर काढून पुन्हा घडी घातली. मग हबीबला जेवायला बसवलं आणि वाढताना तुझ्याबद्दल एकच गोष्ट विचारली, "पोटभर जेवायचा का रे?" तो म्हणाला, "जेवायचा, माय. माझ्या ताटातलं बी खायचा." ती हसली आणि मग पदर तोंडाशी धरून आत गेली. तू गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. मी आणि हबीब ताटावर बसून ते ऐकत राहिलो.

जेवण झाल्यावर त्यानं मला सांगितलं. ऐकताना मी ओट्याच्या खांबाला धरून बसलो होतो.

त्यानं सांगितलं की गेलं वर्षभर दर शुक्रवारी, कॉलेजला सुट्टी असायची तेव्हा, तू होस्टेलच्या व्हरांड्यात खालच्या वर्गातल्या मुलांना शिकवायचास. मुतबादिल रौ शिकवायचास. वरंगळची मुलं, रायचूरची मुलं, आपल्या नांदेडकडची मुलं. कोणाची घरची बोली तेलुगू, कोणाची कानडी, उर्दूतलं पुस्तक सगळ्यांनाच अवघड. ज्याची जी भाषा असेल तिच्यातले जमतील तेवढे शब्द तू शिकून घेतले होतेस. जी मुलं वर्गात विचारायला घाबरायची ती तुझ्याकडं यायची. तुला सगळे मास्टर साब म्हणायचे. पहिल्यांदा चेष्टेत, पुढं खरंच. आणि कोणी तुला विचारलं, तुम्हाला हे इतकं कसं येतं, की तू सांगायचास, "मी नापास होऊन घरी गेल्तो. माझ्या वडिलांनी शिकवलं. आधी तेही चुकले, मंग आम्ही दोघांनी मिळून शोधलं."

बघ, शेवटी माझ्या माघारी तू तो वाद पोरांपुढं निकालात काढलास. माझी बाजू ऐकायला कोणी नव्हतं.

हबीब बोलत होता आणि मला उन्हाळ्यातली ती दुपार आठवत होती. मी ज्या गोष्टीची तुला मनाई करत होतो ती तू तेव्हा वर्षभर करत होतास. परवानगी मागत नव्हतास. सांगत होतास. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी हबीबसमोर मोठ्यानं दिलं. तो गोंधळला असेल. मी म्हणालो, "न्हाई मेलं रे." तुला सांगायचं होतं ते मंठ्याच्या पोराला सांगितलं.

जाताना तो दारात घुटमळला. म्हणाला, त्या मुलांची सहामाही जवळ आलीय. त्यानं स्वतः शिकवून बघितलं, पण त्याचं गणित कच्चं. मुलं अजून शुक्रवारी व्हरांड्यात येऊन बसतात, थोडा वेळ बसतात आणि उठून जातात. पुढचं बोलायची त्याची हिंमत झाली नाही.

मी म्हणालो, मला काय येतंय? दिगूनं शिकवलं तेवढंच येतं. माय आतून बाहेर आली होती. ती म्हणाली, "दसऱ्याची सुट्टी हाय ना तुम्हाला? जा."

तर मी गेलो, दिगू. हबीबच्या खोलीत राहिलो. तुझी खाट तिथंच आहे, त्यावर आता कोणी नाही. मी त्यावर झोपलो नाही, खाली अंथरलं. शुक्रवारी सकाळी व्हरांड्यात गेलो तर तुझा तो फळा भिंतीला टेकवलेला होता आणि मुलं जाजमावर बसली होती. सगळी उभी राहिली. माझ्याकडं अशी बघत होती की तू कुठं सापडतोस का ते माझ्या चेहऱ्यात शोधत असावीत.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. अडवणारी तार पाचाची, कॉईलचा अडथळा बाराचा, एकूण किती ते काढा. रायचूरच्या एका मुलाला फळ्यापाशी बोलावलं. त्यानं पाच लिहिले, बारा लिहिले, खाली रेघ ओढली आणि सतरा लिहिले. तीच चूक. तुझी चूक, माझी चूक. आणि तरी माझ्या तोंडून निघालं ते शाळेतल्या सवयीनंच निघालं. मी म्हणालो, हे काय लिहिलंय, डोकं कुठं आहे तुमचं?

मुलाचा हात फळ्यावरच थांबला. जाजमावरच्या सगळ्या माना खाली गेल्या. मागून हबीब हळू आवाजात म्हणाला, "आबा, दिगंबर ऐसा नईं बोलते थे."

मी खडू हातात घेऊन उभा होतो. मी विचारलं, "मंग कसा बोलायचा?"

तो रायचूरचा मुलगाच फळ्याकडून वळला. म्हणाला, ते चूक कधी म्हणायचे नाहीत. ते विचारायचे, "किधर तक बराबर है?" कुठपर्यंत बरोबर आहे ते आधी आम्हाला शोधायला लावायचे. मग तिथं खडूनं खूण करायचे आणि म्हणायचे, इथपर्यंत तुम्ही आलात, म्हणजे पुढंही जाल.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग ते खाली येऊन आमच्यात बसायचे. फळा आमच्याकडं द्यायचे."

मी खडू त्याच्या हातात दिला आणि जाजमावर जाऊन बसलो. एका मुलानं सरकून जागा केली. मी म्हणालो, आणखी काय काय म्हणायचा ते सांगा. आधी एक जण बोलला, मग दुसरा. पुढं सगळेच बोलायला लागले, उर्दूत, तेलुगूत, मोडक्या मराठीत, एकमेकांना मधेच तोडत. हा म्हणे असं, तो म्हणे तसं नाही, असं. ऊन व्हरांड्याच्या पायऱ्यांवरून खाली उतरलं तरी ते सांगतच होते, आणि मी मधे एकदाही बोललो नाही.